विश्लेषण : पॅरिसच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात नेमके काय विकत मिळते?

पॅरिसच्या मारे भागातील बीएचव्ही या दीडशेहून अधिक वर्षे जुन्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘शीन’ या चिनी मुळाच्या कंपनीने आपले पहिले कायमस्वरूपी दुकान थाटले. उद्घाटनाच्या दिवशी दारात ग्राहकांची रांग होती आणि निदर्शकांची घोषणाबाजीही. याच इमारतीच्या मागच्या बाजूला रू द ला व्हेररी नावाची अरुंद गल्ली आहे. तिथे जुने कपडे भाजीसारखे तराजूवर तोलून विकले जातात आणि तिथेही गर्दी कमी नसते. युरोप सहलीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या, विशेषतः तिशीच्या आतल्या मंडळींच्या, यादीत आता आयफेल टॉवरच्या खालोखाल ‘व्हिंटेज शॉपिंग’ दिसू लागले आहे. रील पाहून ठरवलेल्या या खरेदीत पैसे वाचतात का, माल अस्सल असतो का, कर परत मिळतो का आणि मुंबईच्या विमानतळावर काय होते, हे प्रश्न मात्र बहुतेकांना बॅग भरल्यावर पडतात.

‘व्हिंटेज’ कशाला म्हणायचे?

हा शब्द मूळचा द्राक्षांच्या मळ्यातला. कोणत्या सालच्या द्राक्षांची वाइन, हे सांगण्यासाठी तो वापरला जाई. कपड्यांच्या व्यापारात साधारण २० वर्षांहून जुन्या वस्तूला व्हिंटेज आणि १०० वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणण्याचा संकेत आहे. हा व्यापाऱ्यांचा संकेत आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. दुकानाच्या पाटीवर ‘व्हिंटेज’ लिहिले म्हणून आतला प्रत्येक शर्ट १९८० चा असेल असे समजण्याचे कारण नाही. तीन वर्षांपूर्वीचा झारा किंवा एच अँड एमचा टॉपही तिथे टांगलेला दिसतो. तो फक्त वापरलेला असतो.

फ्रेंच माणूस यासाठी वेगवेगळे शब्द वापरतो आणि ते माहीत असतील तर अर्धे काम होते. ‘फ्रिपरी’ म्हणजे जुन्या कपड्यांचे साधे दुकान. ‘देपो-व्हाँत’ म्हणजे लोकांनी विकायला ठेवलेल्या वस्तूंचे दुकान; माल विकला गेला की दुकानदार आपले कमिशन कापून उरलेले पैसे मूळ मालकाला देतो. ‘ब्रोकाँत’ म्हणजे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांचा बाजार आणि ‘व्हीद-ग्रनिए’ म्हणजे शब्दशः माळा रिकामा करणे. एखाद्या गल्लीतले रहिवासी रविवारी आपापल्या घरातले जुने सामान रस्त्यावर मांडून बसतात, तो हा प्रकार. भाव याच उलट्या क्रमाने चढत जातो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. माळ्यावरचा माल सर्वांत स्वस्त, काचेच्या कपाटातला सर्वांत महाग.

चिंध्यांचा धंदा प्रतिष्ठित कसा झाला?

पॅरिसमध्ये जुन्या कपड्यांचा व्यापार ही काही इन्स्टाग्रामने लावलेली चटक नव्हे. १९ व्या शतकात शहरातील सामान्य माणूस नवा कपडा क्वचितच घेई. मारेच्या उत्तर टोकाला ‘तांप्ल’चा बाजार होता. श्रीमंतांच्या अंगावरून उतरलेला कोट तिथे येई, उलटून किंवा रफू करून पुन्हा विकला जाई. १८६३ च्या सुमारास या बाजारावर लोखंडी कमानींची मंडई उभी राहिली. ती वास्तू आजही आहे, तिथे आता खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रम होतात.

त्याहून रोचक गोष्ट कचराकुंडीची आहे. रात्री हातात कंदील आणि आकडा घेऊन रस्त्यावरचा कचरा चिवडणारे ‘शिफोनिए’, म्हणजे चिंध्या वेचणारे, हे पॅरिसमधील हजारो लोकांचे पोटापाण्याचे साधन होते. सुती चिंध्यांपासून तेव्हा कागद बने. १८८३ च्या अखेरीस युजेन पुबेल या प्रशासकाने प्रत्येक इमारतीला झाकणाचे डबे सक्तीचे केले. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही ‘पुबेल’च म्हणतात. चिंध्या वेचणाऱ्यांवर गदा आली, कागदासाठी लाकडाचा लगदाही वापरात येऊ लागला होता. यातले बरेच जण शहराच्या तटबंदीबाहेर, उत्तरेला सेंत-उआँ इथे माल मांडून बसू लागले. १८८५ हे त्या बाजाराचे जन्मवर्ष मानले जाते. जुन्या गाद्या-कपड्यांतल्या पिसवांवरून त्याला ‘पिसवांचा बाजार’ हे नाव पडले आणि जगभरातल्या भाषांत ते पसरले.

प्रतिष्ठा यायला मात्र १९७१ उजाडावे लागले. पिकासोची कन्या पालोमा १९४० च्या दशकातले बाजारातून उचललेले कपडे घालून वावरत असे. त्यावरून इव्ह साँ लोराँ यांनी उंच खांद्यांचे, आखूड झग्यांचे एक कलेक्शन सादर केले. जर्मन ताब्यातल्या पॅरिसची आठवण करून देणारे हे कपडे पाहून समीक्षक चवताळले. तरुणींनी मात्र ते उचलून धरले. त्याच दशकात दिदिए लुदो यांच्यासारख्या संग्राहकाने पॅले-रुआयालच्या कमानीखाली जुन्या उंची पोशाखांचे दुकान काढले आणि उतरलेला कपडा काचेमागे जाऊन बसला.

कुठे काय मिळते?

मारे भागातील दुकाने सर्वांत सोयीची आणि सर्वांत जास्त चाळलेली. पर्यटकांचा लोंढा रोज तिथून जातो, त्यामुळे चांगली वस्तू आठवडाभर टिकत नाही आणि जी टिकते ती का टिकली हे विचारायला हवे. जीन्स, लेदर जॅकेट, अमेरिकन कॉलेजांची स्वेटशर्ट, सैन्याच्या पँट असा साधारण ठरीव माल सगळीकडे दिसतो. हा माल पॅरिसच्या कपाटांतून आलेला असतो, असा अनेकांचा गोड गैरसमज असतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग घाऊक वर्गीकरण केंद्रांतून गठ्ठ्यांनी येतो. तोच गठ्ठा बर्लिन, बार्सिलोना किंवा टोकियोत फुटला असता तरी आतून तेच निघाले असते. पॅरिसची आठवण म्हणून टेक्सासच्या विद्यापीठाचा शर्ट आणण्यात गैर काही नाही, फक्त आपण काय आणतो आहोत हे ठाऊक असावे.

ज्यांना खरेच कापड, शिलाई आणि जुना फ्रेंच कपडा पाहायचा आहे त्यांनी मेट्रोच्या ४ नंबरच्या मार्गाने पोर्त द क्लिन्याँकूर गाठावे आणि स्टेशनबाहेरच्या पहिल्या पाचशे मीटरकडे पूर्ण दुर्लक्ष करावे. उड्डाणरस्त्याखालील या पट्ट्यात बूट, मोबाइलची कव्हरे आणि ‘ब्रँडेड’ पट्टे विकणारे असतात, खिसेकापूही असतात. खरा बाजार त्यापुढे रू दे रोझिए या रस्त्याला लागला की सुरू होतो. तो एक बाजार नसून अनेक छोट्या बाजारांचा समूह आहे. व्हेर्नेझों हा १९२० पासूनचा, बोळाबोळांचा. लेस, बटणे, काचेचे मणी, जुने हातरुमाल असा बारीक माल तिथे सापडतो. दोफीन हा छताखालचा, तिथे कपडे आणि जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत. शनिवार-रविवार हे मुख्य दिवस. सोमवारी बाजार चालू असतो, पण बरेच गाळे बंद असतात. सहलीच्या कार्यक्रमात मंगळवार-बुधवारच मोकळा असेल तर तिथे जाण्यात अर्थ नाही.

स्वस्ताईच हवी असेल तर बार्बेस भागातील गेरिसोलसारखी दुकाने आणि एमाऊस या १९४९ मध्ये सुरू झालेल्या सेवाभावी संस्थेची विक्री केंद्रे आहेत. तिथे इस्त्री केलेले, रंगानुसार लावलेले काही नसते. ढीग उपसावा लागतो. पण स्थानिक विद्यार्थी, स्थलांतरित कुटुंबे तिथेच खरेदी करतात आणि भावही त्यांना परवडेल असाच असतो. फॅशन स्ट्रीटवर किंवा तुळशीबागेत तयार झालेल्या डोळ्यांना हा ढीग जड जाऊ नये.

घासाघीस करावी का? सेंत-उआँत किंवा व्हीद-ग्रनिएत जरूर करावी. दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन ‘एवढ्यात द्याल का’ विचारले तर कुणाला राग येत नाही. मारेच्या दुकानांत छापील किमतीवर वाद घालणे शोभत नाही. आणि कुठेही शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायचे. ते न म्हणता थेट भाव विचारला की फ्रेंच दुकानदाराचा चेहरा आंबतो, मग भावही कमी होत नाही.

किलोने घेतले म्हणजे स्वस्त पडते?

किलोच्या दुकानांत कपड्यावर रंगीत बिल्ला असतो आणि रंगागणिक किलोचा दर वेगळा. ग्राहक स्वतःच तराजूवर कपडा ठेवतो, रंगाचे बटण दाबतो, किंमत दिसते. इथे एक साधे गणित आहे. समजा एका रंगाचा दर किलोला ४० युरो आहे. दोन किलोचे लेदर जॅकेट ८० युरोंना पडेल, म्हणजे आजच्या भावाने आठ हजार रुपयांच्या घरात. दीडशे ग्रॅमचा रेशमी ब्लाऊज त्याच दराने ६ युरोंना पडतो. तराजूला वजन कळते, कापडाची प्रत कळत नाही. त्यामुळे या दुकानांत रेशीम, बारीक लोकर, पातळ सुती असे हलके आणि उत्तम कापड उचलावे आणि जाड डेनिम, ओव्हरकोट दुसरीकडे पाहावेत. दुकानदारांनाही हे गणित येते, म्हणूनच हलक्या आणि चांगल्या मालाला बहुधा महागड्या रंगाचा बिल्ला असतो. तरीही ढिगातून काही सुटतेच. शिवाय जड कोटाचे वजन दोनदा भोवते, एकदा दुकानाच्या तराजूवर आणि नंतर विमान कंपनीच्या काट्यावर.

जानेवारी आणि जून-जुलैमध्ये फ्रान्समध्ये सरकारने ठरवून दिलेले ‘सोल्द’ म्हणजे सेल प्रत्येकी चार आठवडे चालतात. खरेदी किमतीपेक्षा खाली माल विकण्याची मुभा दुकानांना एरवी नसते. या काळात नवा लोकरी कोट आणि मारेतला जुना कोट यांच्या किमतीत फारसा फरक उरत नाही. उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी ही तुलना करूनच खिशात हात घालावा.

अस्सल जुना कपडा ओळखायचा कसा?

याची उत्तरे लेबलवर कमी आणि शिवणीत जास्त असतात. मराठी घरांतील आई-आजीला ही परीक्षा न शिकवता येते: कपडा उलटा करायचा. आतली शिवण भरपूर मार्जिन ठेवून केलेली आहे का, चौकडी किंवा पट्टे शिवणीवर जुळतात का, अस्तर हाताने टाचले आहे का, काजे हाताची आहेत का. १९६० पूर्वीच्या कपड्यांत चेन बहुधा धातूची असते. प्लॅस्टिक-नायलॉनच्या चेन त्यानंतर रुळल्या. धुण्या-इस्त्रीच्या चिन्हांचा प्रमाण संच १९६३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने युरोपभर नेला, त्यामुळे अशी चिन्हे असलेला कपडा ‘१९५० चा आहे’ असे कुणी सांगत असेल तर हसून पुढे जावे. ‘पश्चिम जर्मनी’, ‘युगोस्लाव्हिया’, ‘चेकोस्लोव्हाकिया’ अशी देशांची नावे लेबलवर दिसली तर वय आपोआप कळते, कारण ते देशच आता त्या नावाने नाहीत. लिव्हाइसच्या लाल पट्टीवरील ‘ई’ हे अक्षर १९७१ पर्यंत कॅपिटल होते, नंतर लहान झाले. बर्बेरीचे नाव १९९० च्या दशकाअखेरपर्यंत शेवटी ‘एस’ लावून लिहिले जाई. त्यामुळे ‘बर्बेरीज’ दिसले की नकली, असे घाईने समजू नये.

एर्मेसचा रेशमी रुमाल हा पर्यटकांचा आवडता शोध. १९३७ पासून निघणारा हा चौकोन ९० सेंटिमीटरचा असतो, त्याच्या कडा हाताने वळून टाचलेल्या असतात आणि वळण सुलट बाजूला येते. कडेला मशीनची सपाट टीप असेल तर पुढचे काही पाहायची गरज नाही. इथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. एर्मेसच्या नावाशिवायही लियोंच्या मागांवरचे अप्रतिम रेशमी रुमाल सेंत-उआँत मिळतात, आणि नाव नसल्यामुळेच त्यांची किंमत कितीतरी कमी असते.

भारतीयांनी तिथे आणखी एका वस्तूकडे निरखून पाहावे. जोसेफिन सम्राज्ञीच्या काळापासून पॅरिसमधील श्रीमंत स्त्रिया काश्मिरी शालींसाठी वेड्या झाल्या होत्या. मागणी इतकी वाढली की फ्रान्समध्ये जॅकार्ड मागावर कोयरीच्या नक्षीच्या शाली विणल्या जाऊ लागल्या. आज बाजारात ‘काश्मीर’ म्हणून टांगलेल्या जुन्या शालींत या फ्रेंच शाली भरपूर असतात. उलट बाजूला कापलेल्या तरंगत्या धाग्यांची दाट जाळी दिसली तर ती जॅकार्डची. छोटे छोटे विणलेले तुकडे अदृश्य वाटावे असे टाचून जोडलेले असतील तर काश्मीरच्या कारागिराचा हात असण्याची शक्यता आहे. फ्रेंच शालही सुंदरच असते. ती काश्मिरी म्हणून काश्मिरी भावाने घेणे, एवढे टाळायचे.

मापाची गंमत वेगळीच. फ्रेंच ३८ म्हणजे इटालियन ४२ आणि ब्रिटिश १०. जुने कपडे आजच्या त्याच मापापेक्षा हमखास लहान निघतात. खिशात दहा रुपयांची टेप असेल तर कुठल्याही तक्त्याची गरज पडत नाही. रेशीम उजेडासमोर धरून विरलेले नाही ना, लोकरीला कसर लागलेली नाही ना, काखेत डाग नाहीत ना, हे पाहावे. कसर लागलेला एक स्वेटर घरातल्या कपाटात ठेवला तर पुढच्या वर्षी लग्नाच्या शालूपर्यंत पोहोचते.

‘लोगो’ची पर्स घ्यावी का?

स्पष्टच सांगायचे तर, सहलीतली सर्वांत वाईट खरेदी हीच. जुलै २०२५ मध्ये जेन बर्किन यांची मूळ एर्मेस बॅग पॅरिसमधील लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. बातमी जगभर झाली आणि प्रत्येक जुनी पर्स ही गुंतवणूक आहे असे वाटू लागले. मोठ्या लिलावगृहांत आणि नामांकित पुनर्विक्री मंचांवर तपासनीस असतात, तरी वाद होतात. मग दोन तासांच्या मोकळ्या वेळात, फ्रेंच न येणाऱ्या पर्यटकाने टाके मोजून शनेलची बॅग ओळखावी ही अपेक्षाच चुकीची. २०२१ पासून शनेलने क्रमांकाच्या स्टिकरऐवजी चिप बसवायला सुरुवात केली. त्याआधीच्या बॅगांचे स्टिकर आणि कार्डे यांच्याही नकला निघाल्या आहेत.

धोका फक्त फसवणुकीचा नाही. फ्रान्समध्ये बनावट वस्तू नुसती बाळगणेही गुन्हा आहे. माल जप्त होतो, दंड होतो आणि कायद्यात ३ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर कस्टम्ससमोर चालतेच असे नाही. इटलीत तर रस्त्यावर नकली पर्स विकत घेणाऱ्या ग्राहकालाही दंड होतो. तरीही घ्यायचीच असेल तर दुकानाचे नाव, वस्तूचे वर्णन आणि ब्रँडचा उल्लेख असलेली पावती मागावी. ती द्यायला जो दुकानदार कुरकुरतो, त्याच्या मालाबद्दल वेगळे काही विचारायची गरज नाही. दुकानातून प्रत्यक्ष घेतलेली वस्तू नुसती आवडली नाही म्हणून परत घेणे तिथे दुकानदारावर बंधनकारक नसते, हेही आधीच माहीत असावे.

मगर, अजगर यांच्या कातड्याच्या जुन्या पर्सही मोहात पाडतात. वन्यजीव व्यापारावरील ‘सायटिस’ करारानुसार अशा वस्तू सीमेपार नेण्यासाठी परवाना लागू शकतो आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही या कराराची कलमे आली आहेत. हस्तिदंती मूठ, शहातूश या गोष्टींना हातच लावू नये. पर्स ६० वर्षांपूर्वीची आहे, हे कागदावर सिद्ध करता आले पाहिजे. दुकानदाराचा तोंडी शब्द विमानतळावर कामाला येत नाही.

व्हॅट परत मिळतो, हे खरे का?

नव्या मालावर मिळतो, जुन्यावर बऱ्याचदा नाही. गोंधळ इथेच होतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या, १६ वर्षांवरील पर्यटकाने फ्रान्समध्ये एका दुकानातून १०० युरोंहून अधिक खरेदी केली तर ‘देताक्स’चा फॉर्म मिळू शकतो. फॉर्म देणे दुकानावर बंधनकारक नाही. व्हॅट २० टक्के आहे, पण तो मूळ किमतीवर. म्हणजे २०० युरोंच्या बिलात कराचे सुमारे ३३ युरो असतात. परतावा देणारी मधली कंपनी आपला वाटा कापते आणि हातात साधारण १२ टक्के, म्हणजे २४ युरो येतात.

जुन्या वस्तूंचा हिशोब निराळा. दुकानदाराने एखाद्या गृहिणीकडून ६० युरोंना कोट घेतला आणि १२० ला विकला तर त्याला पूर्ण किमतीवर कर भरावा लागत नाही, फक्त मधल्या नफ्यावर भरावा लागतो. या उदाहरणात तो १० युरो होतो. अशा पावतीवर व्हॅट वेगळा दाखवलेला नसतो. ‘बियाँ दोकाज्यों’ म्हणजे ‘वापरलेला माल’ अशी नोंद असते. जिथे कर दिसतच नाही तिथे परत काय मागणार? म्हणून अनेक व्हिंटेज दुकानांत फॉर्मच मिळत नाही. नव्या २०० युरोंच्या कोटातून २४ युरो वजा होतात, जुन्या १८० च्या कोटातून काही वजा होत नाही. जुना स्वस्त वाटतो तो काउंटरवर. विमानतळावर गणित उलटते.

फॉर्म मिळालाच तर पॅरिसच्या विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी ‘पाब्लो’ यंत्रावर बारकोड स्कॅन करायचा. माल पाहायला मागू शकतात, त्यामुळे तो वर ठेवावा. आपल्याकडील बहुतेक सहली पॅरिसहून स्वित्झर्लंडला जातात, आणि इथेच अनेकांचा परतावा बुडतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. परतीचे विमान झुरिकहून असेल तर फॉर्मवरची कस्टम्सची मोहोर फ्रान्सची हद्द सोडतानाच घ्यावी लागते, झुरिकला ती मिळत नाही. सीमेवर बस थांबवायची की नाही हे टूर मॅनेजरच्या हातात असते. निघण्यापूर्वीच त्याला विचारून ठेवलेले बरे.

मुंबईत उतरल्यावर काय?

२०१६ च्या बॅगेज नियमांत परदेशातून परतणाऱ्या भारतीयाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येतील अशी मर्यादा होती. निघण्यापूर्वी कस्टम्सच्या संकेतस्थळावर त्या वेळची मर्यादा आणि दर पाहून घ्यावा. प्रवाशाचे स्वतःचे वापरलेले कपडे यात मोजले जात नाहीत. पण पॅरिसमध्ये दीड लाखाची जुनी पर्स घेऊन ‘वापरलेलीच आहे की’ असे म्हणणे धोक्याचे आहे. ती आधी दुसऱ्या कुणी वापरली होती, आणि पावतीवर कालची तारीख असते.

इन्स्टाग्रामवर ‘थ्रिफ्ट स्टोअर’ चालवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विक्रीसाठी ३० जॅकेट बॅगेत भरून आणणे याला वैयक्तिक सामान म्हणत नाहीत. वापरलेल्या कपड्यांच्या व्यापारी आयातीवर भारतात निर्बंध आहेत, ती परवान्याशिवाय करता येत नाही.

पर्यावरणाचे काय?

‘जुने घेतले म्हणजे पृथ्वी वाचवली’ हा या सगळ्या खरेदीमागचा सर्वांत सुखावणारा युक्तिवाद. तो अर्धा खरा आहे. जुना कपडा नव्याऐवजी घेतला तर बचत होते. बॅगेत आधीच सहा नवे टॉप आहेत आणि सातवा जुना आहे, तर होत नाही. फ्रान्सने या प्रश्नावर बरेच केले आहे: न विकलेले कपडे नष्ट करण्यावर २०२२ पासून बंदी आहे, अतिवेगवान फॅशनला आळा घालणारे विधेयक २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहाने आणि जून २०२५ मध्ये सिनेटने आपापल्या स्वरूपात मंजूर केले. तरीही बीएचव्हीच्या दारात रांग लागलीच.

युरोपीय घरांतून दान म्हणून दिलेल्या कपड्यांपैकी मारेच्या काचेमागे जाऊन बसणारे फार थोडे असतात. बाकीचे गठ्ठे निघतात आफ्रिकेला, पाकिस्तानला आणि भारतालाही. घानाची राजधानी अक्रा इथला कांतामांतो हा अशा कपड्यांचा प्रचंड बाजार. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला लागलेल्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला आणि हजारो व्यापाऱ्यांचे भांडवल त्यात गेले. भारतात हे गठ्ठे कांडला इथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात उतरतात, लोकरीचा बराच माल पानिपतला जातो. मराठी माणसाला पानिपत वेगळ्या कारणाने ठाऊक असते, पण जगाच्या जुन्या लोकरीपासून सूत आणि स्वस्त ब्लँकेटे बनवणारे शहर हीही त्याची ओळख आहे. तिथल्या कारखान्यांत जमिनीवर बसलेल्या बायका विळ्यासारख्या पात्यावर कोट फाडतात. बटणे, चेन आणि लेबले आधी कापून बाजूला टाकली जातात. ज्या लेबलसाठी पर्यटक मारेत शंभर युरो मोजतो, ते पानिपतला केराच्या ढिगात असते.

आणि घरच्या कपाटाचे? भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण अजूनही मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्त्यांत दिसते. स्टीलच्या एका पातेल्यासाठी ती चार पँटी आणि एक साडी मागते, घरातली बाई तीन पँटींवर अडून बसते. तिने नेलेला कपडा धुतला जातो, रफू होतो, इस्त्री होतो आणि रस्त्यावरच्या बाजारात पुन्हा विकला जातो. तांप्लच्या बाजारात दीडशे वर्षांपूर्वी हेच चालत होते. मात्र हा कपडा आपल्याकडे ‘उतरलेला’ ठरतो. कुणाच्या अंगावरचा, कुठल्या घरातला, मेलेल्या माणसाचा तर नाही, अशा शंका त्याला चिकटतात, आणि त्या शंकांमागे केवळ स्वच्छता नसून जात आणि पैसा यांचीही भीती असते. तोच माणूस पॅरिसमध्ये अनोळखी माणसाचा कोट अंगावर चढवून फोटो टाकतो. तिथे त्याला कोटाच्या आधीच्या मालकाचे नाव-गाव कळण्याची शक्यता नसते, बहुधा म्हणूनच. बोहारणीने नेलेल्या साडीला पातेले मिळते, पॅरिसमधील फ्रेंच बाईने देपो-व्हाँतमध्ये ठेवलेल्या कोटाला पावती मिळते आणि विक्रीनंतर तिचा ठरलेला हिस्सा. आजीच्या जरीच्या साड्या अजून कपाटात असतील, तर पुढच्या वेळी पाटी दारात आल्यावर त्या उघडून उजेडात धरून पाहायला हरकत नाही.